वज्रगरुड आणि दत्ताकाकांचा दहावा

वज्रगरुडाच्या वडिलांचं आजवर तीन वेळा निधन झालं आहे. आमच्या दत्ताकाकांचं एकदाच झालं, आणि तेही वज्रगरुडाच्या वडिलांचं तिसरं निधन मोबाइलवर बघता बघता.

ज्यांना वज्रगरुड माहीत नाही (असे लोक असतात, माझी बायको त्यांच्यातलीच) त्यांच्यासाठी सांगतो. वज्रगरुड म्हणजे पिक्चरमधला उडणारा माणूस. दिवसभर सरकारी कचेरीत टायपिस्ट; संध्याकाळी ऑफिस सुटलं की पाठीतून लाल पंख फुटतात आणि हा गावभर गुंडांना बदडत हिंडतो. पहिला पिक्चर आला तेव्हा मी पाचवीत होतो. दत्ताकाका, म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, मला सायकलच्या नळीवर बसवून टॉकीजला घेऊन गेले. त्या पिक्चरमध्ये वज्रगरुड उडताना त्याला बांधलेली दोरी स्वच्छ दिसायची. मी तसं बोलून दाखवलं, तर काकांनी अंधारातच माझ्या डोक्यात टपली मारली.

"दोरी कशाला बघतोस बे? उडतोय ना तो? मग उडताना बघ की!"

तेव्हापासून मी दोरी बघायची सोडली. पुढं विज्ञानाचा शिक्षक झालो, मुलांना गुरुत्वाकर्षण शिकवायला लागलो, तरी वज्रगरुडाला त्यातून सूट होती. काका एका शाळेत हेडक्लार्क. त्यांना तर हा माणूस स्वतःच्या खात्यातलाच वाटायचा. "आपल्यासारखाच कारकून आहे तो. साहेबाची बोलणी खातो, आणि सहानंतर उडतो!" असं ते कुणालाही सांगायचे. समोरच्यानं विचारलेलं नसलं तरी सांगायचे.

पुढं कंपनीनं दुसरा नट आणला आणि गोष्ट परत पहिल्यापासून सुरू केली. याला रीबूट म्हणतात. म्हणजे आधीचं काही झालंच नाही असं समजायचं. मी हे काकीला समजावून सांगायला गेलो.

"असं कसं समजायचं?" मालतीकाकी म्हणाली. "त्याचा बाप गेला होता ना पहिल्या पिक्चरमध्ये?"

"तो गेलाच नाही असं समजायचं. आता नव्यानं जाणार."

"मग पहिल्या वेळी हे इतके रडले होते, ते कशासाठी?"

दुसऱ्या वज्रगरुडात बाप प्रयोगशाळेत जळून गेला. काका याही वेळी रडले, पण म्हणाले, "जीव लावून नाही मेला."

आणि मग यंदा तिसरा आला. सगळं पुन्हा पहिल्यापासून! पिक्चर लागायच्या जेमतेम आठवडाभर आधी ट्रेलर आला, त्या संध्याकाळी काकांचा फोन आला. ते त्यांच्या घरी व्हरांड्यात खुर्चीवर, मी माझ्या घरी गच्चीवर. दोघांनी फोन चालू ठेवून घरातल्या दुसऱ्या मोबाइलवर एकाच वेळी ट्रेलर लावला. ही आमची पद्धत होती. (त्यासाठी दोन्ही घरांतल्या बायकांचे मोबाइल जप्त व्हायचे.)

काय तो ट्रेलर! सगळा अंधार. पिक्चरवाल्यांचं लाईट कापलं होतं की काय कोण जाणे. वज्रगरुडाचा निळा अंगरखा गेला, तिथं डांबरासारखं काहीतरी काळंभोर आलं. लाल पंख गेले, लोखंडी आले. हसणं तर नावाला नाही; सगळा वेळ गच्चीच्या कठड्यावर बसून पावसात भिजतोय. आणि कहर म्हणजे, तो आता टायपिस्टच नव्हता. स्वतःच्या कंपनीचा मालक!

"मालक?" काका फोनवर ओरडले. "अरे, मालकाला पंख कशाला लागतात? विमान घेतो की तो!"

"आणि काका, ते पंख बघा. पत्र्याचे आहेत नुसते."

"बघतोय रे... अरे अरे, बापाला पुन्हा मारलं रे, सुध्या!"

मग मी सुरू झालो. दिग्दर्शकाला धरला, नटाला धरला, कपडे शिवणाऱ्याला धरला. या लोकांना आपल्या भावनांशी खेळायचा काय अधिकार आहे, इथपासून हा पिक्चर आपटलाच पाहिजे, इथपर्यंत मी एका दमात बोललो. काका शांतपणे ऐकत होते. माझं बोलणं मध्ये न तोडता काकांनी जन्मात कधी ऐकून घेतलं नव्हतं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

कळलं ते काकीच्या किंकाळीनं.

डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच कमजोर होतं, ट्रेलरचा संबंध नाही. पण बार्शीहून आलेल्या माझ्या आत्यानं, म्हणजे काकांच्या थोरल्या बहिणीनं, डॉक्टरचं ऐकलं नाही. ती दारातूनच रडत आली, "माज्या दत्त्याला त्या पाखरानं खाल्लं गं!" शेजारपाजारच्यांना आधी वाटलं की बर्ड फ्लूची साथ आली.

काकांना मूलबाळ नाही. त्यामुळं सगळं करायचं माझ्याकडं आलं. मी केलं. पण खरं सांगतो, ते दिवस फार वाईट गेले. फोन वाजला की हात आपोआप जायचा आणि मग आठवायचं. काकी तर रडलीच नाही. भिंतीला टेकून बसायची. कुणी पाणी दिलं तर प्यायची, नाही दिलं तर तशीच. आत्या म्हणायची, "रड गं बाई एकदा, नायतर तुजं बी काय खरं न्हाय." काकी नुसती बघायची.

दहाव्याच्या दिवशी आम्ही सगळे तळ्याकाठच्या घाटावर गेलो. माझं आणि माझ्या चुलतभावांचं मुंडण झालं. एकेकाच्या डोक्याचा खरा आकार त्या दिवशी जगाला कळला. ओला पंचा नेसून मी पिंड मांडला. आत्यानं शेजारी काकांच्या आवडीचं सगळं ठेवलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदाभजी, वाटीत चहा. आम्ही बाजूला सरकलो आणि कावळ्याची वाट बघायला लागलो.

कावळे होते, नव्हते असं नाही. समोरच्या लिंबावर भरपूर बसले होते. पण एकही खाली येईना. आमच्याशेजारी दुसऱ्या कुणाचा दहावा चालू होता. त्यांनी पिंड ठेवून पाठ फिरवायच्या आत कावळा शिवला! मग ती मंडळी निवांत चहा पीत आमच्याकडं बघत बसली. त्यांच्या नजरेतून असं दिसत होतं की आम्ही काकांना जिवंतपणी उपाशी ठेवलं असावं.

"काही इच्छा राहिली असेल," गुरुजी म्हणाले. त्यांना पुढं आणखी एक दहावा होता आणि ते घड्याळाकडं बघत होते. "घरच्यांनी शब्द द्यावा."

आत्या पुढं झाली. हात जोडले. "दत्त्या, मालतीला आमी अंतर द्येणार न्हाय. तिला काय बी कमी पडू द्येणार न्हाय. ये बाबा."

कावळा आला नाही.

"काका, गच्ची गळते ती पावसाळ्याआधी करून घेतो," माझा चुलतभाऊ म्हणाला.

एका कावळ्यानं मान वळवली. ती पण दुसरीकडं.

मग ज्याला जे सुचेल ते तो बोलायला लागला. पेन्शनचं काम करतो. तुळजापूरला जाऊन येतो. शेजाऱ्याशी पार्किंगवरून भांडण आहे ते मिटवतो. (शेजारीही तिथंच उभे होते, तेही म्हणाले, "मी माझी गाडी मागं घेतो, दत्तोपंत!" दहा वर्षं ज्यासाठी डोकी फुटायची वेळ आली होती, ते भांडण घाटावर एका वाक्यात मिटलं. पण कावळ्याला त्याचं काही नव्हतं.)

मला काकांच्या शेजारी कायम उभा राहणारा एक माणूस तेवढ्यात कोपरानं ढोसायला लागला. व्यंकण्णा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यावर मुकादम, काकांचा जुना दोस्त आणि आमच्या वज्रगरुड मंडळाचा तिसरा आणि शेवटचा सभासद.

"काय बे सुधीर," तो कानात कुजबुजला, "तुला माहीत आहे की, त्याचं काय राहिलंय. बोल की."

"सगळ्यांसमोर?"

"मग काय कावळ्याला बाजूला बोलवून सांगणार काय?"

माहीत तर मला होतंच. पण समोर आमच्या शाळेचे हेडसर उभे. दोन पालक उभे. दरवर्षी शाळेत अंधश्रद्धेवर भाषण मी देतो! मी खाली मान घालून पुटपुटलो, "काका, तो नवा वज्रगरुड मी बघणार नाही."

"मोठ्यानं बोल की मुडद्या!" आत्या कडाडली. "त्यो काय तुज्या तोंडापाशी बसलाय व्हय?"

"काका! नवा वज्रगरुड मी बघणार नाही!"

गुरुजींनी चष्मा वर केला. "गरुड कशाला बोलावताय? इथं कावळा आला तरी पुष्कळ झालं."

आता मागं फिरणं शक्य नव्हतं. माणूस एकदा घसरला की घसरतच जातो. मी ओल्या पंचात, तुळतुळीत डोक्यानं, आभाळाकडं तोंड करून ओरडत होतो, "पहिलाच खरा, काका! दुसरा मी मानत नाही! तिसऱ्याचं तोंड बघणार नाही! टायपिस्ट होता तेच बरोबर होतं!" शेवटच्या वाक्याला माझा आवाज फुटला. मला हसायला येत नव्हतं हो. मला खरंच वाटत होतं की हे बोललं की काका येतील. कावळा होऊन का होईना, येतील.

हेडसर भला माणूस. त्यांना यातलं काडीचं कळलं नव्हतं, पण ते पुढं आले आणि हात जोडून गंभीरपणे म्हणाले, "आम्ही सगळेच बघणार नाही." मग भावकीनंही हात जोडले. "बघणार नाही... बघणार नाही..." असा एकच गजर झाला. शेजारच्या दहाव्याचे लोकही चहाचा कप खाली ठेवून उठले आणि म्हणाले, "आम्ही पण नाही बघणार!" एखाद्या पिक्चरवर इतक्या लोकांनी इतक्या भक्तिभावानं बहिष्कार टाकल्याचं मी तरी पुन्हा पाहिलेलं नाही.

लिंबावरचे कावळे एकेक करून उडून जायला लागले.

"दर्भाचा करतो," गुरुजी म्हणाले. कावळा येईनाच, तर शेवटी दर्भाच्या गवताचा कावळा करून पिंडाला शिववतात. शास्त्रात सोय आहे. पण घरच्यांच्या मनाला ते जन्मभर लागून राहतं. गुरुजींनी पिशवीत हात घातला आणि मागून काकीचा आवाज आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"थांबा हो गुरुजी. सुधीर, ते तसं नाहीये."

काकी बायकांच्यातून उठून पुढं आली. माझ्याजवळ येऊन उभी राहिली. बोलताना ती माझ्याकडं नाही, पिंडाकडं बघत होती.

"त्या दिवशी दुपारी मला म्हणाले, मालती, ह्या वेळी तू चल पिक्चरला. जन्मभर मी सुध्याला नेलं, व्यंकण्णाला नेलं, तुला कधी विचारलं नाही. एकदा तरी चल. मी काय बघतो ते तुला कळेल." काकी पिंडाच्या आणखी जवळ सरकली. "मी शेंगा फोडत होते. मीच म्हणाले, साठी उलटली, आता तरी चड्डीवाल्या माणसांचे पिक्चर बघायचे सोडा. मी मेले तरी येणार नाही. आणि संध्याकाळी हे... माझ्यामुळंच शिवत नाहीये रे. माझ्याच बोलण्यात अडकलेत ते."

मी, काकांचा पुतण्या, त्यांचा पट्टशिष्य, वज्रगरुडाच्या विषयात सोलापुरातला एकमेव जाणकार! मी सगळा वेळ त्या पंखांचं आणि अंगरख्याचं घेऊन बसलो होतो. काकांना नवा पिक्चर बघायचा होता. आवडो न आवडो, बायकोला शेजारी बसवून बघायचा होता. आणि मी आख्ख्या घाटाला न बघण्याची शपथ घातली होती.

काकीनं पदर खांद्यावर घेतला, हात जोडले आणि म्हणाली, "येते मी. पिक्चरला येते तुमच्या."

सगळे लिंबाकडं बघायला लागले. काही नाही.

"येते म्हणाले ना!" काकीचा आवाज चढला. हा तिचा नेहमीचा, घरातला आवाज होता. "ऐकू येत नाही का? आता काय पेपरात जाहिरात देऊ? आयुष्यभर हेच केलंत. मी हो म्हणाले की तुम्ही ताणायचं! भजी गार झालीत ती, कुणी खायची? या मुकाट्यानं!"

कावळा आला. कुठून आला कुणाला दिसलं नाही. लिंबावरचा नव्हता, मागून आला. पिंडाला चोच लावली, भजं उचललं आणि गेला.

"आलाय बघ! भजंच उचललं! दत्त्याच त्यो!" आत्या ओरडली. लोक हसले, रडले, एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले. काकी मटकन खाली बसली आणि तिथंच, घाटाच्या ओल्या पायरीवर, हंबरडा फोडून रडली. आत्यानं तिला पोटाशी धरलं आणि आम्हाला दटावलं, "रडू द्या तिला. कुनी गप म्हनायचं न्हाय."

आता प्रश्न एवढाच होता, की बघणार नाही म्हणून जी शपथ घेतली तिचं काय? हेडसर फार काळजीत पडले होते. गुरुजींनी चपला घालता घालता निकाल दिला, "तो संकल्प कावळ्यानं स्वीकारलाच नाही. तेव्हा रद्द." आणि ते पुढच्या दहाव्याला निघून गेले.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मी माझ्या तोंडानं वर सांगितलंय ना, की हा पिक्चर आपटलाच पाहिजे असं मी म्हणालो होतो? तो आपटला.

असा आपटला की विचारू नका. तेराव्याच्या आत सिनेमाला जाता येत नाही, आणि इकडं एकेका थिएटरातून पिक्चर उतरायला लागला. ज्या दिवशी लाडू वळत होते, त्या दिवशी सोलापुरात त्याचा फक्त दुपारचा एक खेळ उरला होता. तोही जाणार, अशी बातमी व्यंकण्णा घेऊन आला. काकीनं ऐकलं आणि हातातला लाडू तसाच धरून बसली.

"उतरवला तर काय रे करायचं, सुधीर? मी शब्द दिलाय."

"नंतर मोबाइलवर येतो काकी."

"मोबाइलवर?" ती माझ्याकडं अशी काही बघायला लागली की मी लाडू वळायला बसलो. काका मोबाइलवर बघतानाच गेले होते. असं बोलणारा मूर्ख घरात मी एकटाच होतो.

मग मी जे केलं ते कुठल्याही सच्च्या चाहत्यानं करू नये. मी त्या पिक्चरचा प्रचार केला! सुतकात, डोक्यावर रुमाल बांधून, घरी बसून. सगळ्या ग्रुपवर टाकलं, 'नवा वज्रगरुड अप्रतिम! जुन्यापेक्षा शंभर पटीनं सरस! चुकवू नका!' दहावीच्या ग्रुपवर टाकलं, तर एका पोरीनं विचारलं, "सर, तुम्ही बघितला?" मी लिहिलं, "सुतक आहे." तिनं लिहिलं, "मग?" मी ग्रुपच म्यूट केला. हेडसरांनी सगळ्या शिक्षकांना सांगितलं. व्यंकण्णानं कारखान्यातल्या लोकांना सुट्टीच्या दिवशी जाऊन या म्हणून सांगितलं. ते गेले, आणि परत येऊन त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

पिक्चर टिकला. जेमतेम, पण टिकला. तेरावा झाला, गोड जेवण झालं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. माणसं कमी भरली तर खेळ रद्द करतात असं कळल्यामुळं अख्खी भावकी घेतली. पुढं आत्या, मागं काकी, तिच्या मागं आम्ही मुंडण केलेले झाडून सगळे. तिकिटं तपासणाऱ्यानं आमच्या डोक्यांच्या रांगेकडं पाहिलं आणि आदबीनं विचारलं, "पिक्चरवाल्यांची स्कीम आहे का काही?"

आत आम्ही मधली ओळ धरली. काकीच्या उजवीकडची खुर्ची व्यंकण्णानं कुणाला बसू दिली नाही. खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, घडी घातली आणि त्या खुर्चीवर टाकला. एसटीत जागा धरतात तसा.

दिवे गेले. पिक्चर सुरू झाला. म्हणजे झाला असावा, अंधार इतका होता की खात्री नव्हती.

"कुणाचं घर आहे हे?" आत्यानं विचारलं.

"वज्रगरुडाचं."

"लाइट का लावत न्हाईत?"

अर्धा तास गेला तरी तो उडेना. नुसता कठड्यावर बसून विचार करायचा. मी मनातल्या मनात काकांशी बोलत होतो. बघा काका, पाय कसे सोडून बसलाय. बघा, पंखाला गंज चढेल त्या पावसात. आणि मग सवयीनं उत्तराची वाट बघत थांबायचो.

"हा उडणार कधी?" काकी कुजबुजली.

"उडेल. बाप मेल्यावर उडतो."

मी हे बोलून गेलो आणि माझीच जीभ चावली. काकी पडद्याकडंच बघत होती. एवढ्यात ओळीच्या टोकाकडून कुणीतरी मोबाइलच्या उजेडात वाट काढत आलं. उशिरा आलेली कॉलेजातली मुलगी. हातात पॉपकॉर्नचा डबा. अंधारात तिला आपली जागा सापडत नव्हती. टॉवेल टाकलेल्या खुर्चीपाशी ती थांबली.

"काकू, इथं कुणी आहे का?"

काकीनं टॉवेलवर हात ठेवला.

"आहेत," ती म्हणाली. "बसलेत."

मुलगी "सॉरी" म्हणून पुढं सरकली आणि माझ्या पलीकडच्या खुर्चीवर बसली. आणि माझं जे झालं ते झालं. पडद्यावर तेव्हा काहीच चाललेलं नव्हतं, एक माणूस दार उघडत होता. पण माझा हुंदका फुटला. माझा फुटलेला ऐकून चुलतभावाचा फुटला. मग व्यंकण्णा. त्यानं सवयीनं खांद्यावर टॉवेल शोधला, तो खुर्चीवर होता, म्हणून आणखीच रडला. आत्यानं तर थिएटर डोक्यावर घेतलं. थोड्या वेळानं पडद्यावर बाप खरोखरच मेला, पण आम्ही इतके आधी सुरू झालो होतो की त्याच्या मरणाला आमच्याकडं काही शिल्लकच नव्हतं. मुंडण केलेली ती सगळी ओळ गदागदा हलत होती. त्यात एकटी काकी शांत होती. तिनं एक हात टॉवेलवर ठेवलेला होता आणि ती मन लावून पिक्चर बघत होती.

आणि मग तो उडाला. लोखंडी पंखांनी, काळ्या डांबरी कपड्यात, न हसता. पण उडाला.

"अगं बाई," काकी म्हणाली. "छान उडतो की हो!"

ती माझ्याशी बोलत नव्हती. ती उजवीकडं वळून बोलली होती. मग तर मला काही आवरेचना. मी तोंडात रुमाल कोंबला आणि खुर्चीत मुटकुळं करून रडत राहिलो.

त्या कॉलेजच्या मुलीला बिचारीला राहवलं नाही. तिनं पॉपकॉर्नचा डबा माझ्यापुढं केला आणि फार मायेनं म्हणाली, "काका, इतका पण वाईट नाहीये हो पिक्चर."

अशा वेळी माणसानं काय बोलावं? डोळे पुसावेत, थँक्यू म्हणावं, घरात माणूस गेलंय एवढं सांगावं. मी डोळे पुसले, मूठभर पॉपकॉर्न घेतले आणि म्हणालो, "पोरी, तू पहिला बघितलेला नाहीस!"